वजन उतरवण्याची मंडळे : जमा आणि खर्च

आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात, नकाशांच्या कपाटाशेजारी, एक वजनकाटा आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही चौदा जणांनी वर्गणी काढून तो घेतला. नऊ प्राध्यापक, दोन कारकून, ग्रंथपाल आणि शेजारच्या माध्यमिक शाळेतले दोन शिक्षक, असं आमचं मंडळ होतं. दर गुरुवारी मधल्या सुट्टीत प्रत्येकानं काट्यावर उभं राहायचं, आकडा वहीत लिहायचा आणि पुढल्या आठवड्यात आपण काय करणार ते सर्वांसमक्ष सांगायचं, असा नियम ठरला. मी त्या वेळी ८६ किलोंचा होतो. आठ महिन्यांत ७८ वर आलो. बाजारात चारचौघांनी थांबवून विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी पुन्हा ८३ वर होतो, आणि मंडळात आम्ही पाचच जण उरलो होतो.

अशा मंडळात जावं की जाऊ नये, या प्रश्नावर बोलण्याचा माझा अधिकार असेल तर तो एवढ्या अर्धवट यशापुरताच आहे. मी डॉक्टर नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. पण जमा आणि खर्च या दोन बाजू मांडण्याची आम्हाला सवय असते, आणि या विषयात त्या मांडायला हव्यात. कारण मंडळ काढणारे जमेचीच बाजू सांगतात आणि सोडून गेलेले बहुधा बोलतच नाहीत.

लठ्ठपणा हा शहरातल्या पेढीवर बसणाऱ्यांचा आजार, असं आपण पूर्वी म्हणत असू. ते दिवस गेले. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात देशाच्या ग्रामीण भागात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे सुमारे वीस आणि शंभर पुरुषांमागे सुमारे एकोणीस जण प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. याचं कारण शोधायला लांब जायला नको. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, सायकलच्या जागी मोटारसायकल आली. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं, त्याबद्दल कोणी गळा काढू नये. मात्र ताटातली भाकरी होती तेवढीच राहिली, आणि तिच्या भोवती दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, बिस्किटं आणि फरसाण येऊन बसलं. शिक्षकांचं तर विचारूच नका. घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही गाडीवरून उतरत नाही.

आता प्रश्न असा, की वजन ज्याचं त्यानं उतरवावं, त्याला मंडळ कशाला? जेवणारा एक, जिभेवर ताबा ठेवायचा त्यानंच. पण आपल्याकडची कामं पाहिली तर हा प्रश्न तितकासा खरा वाटत नाही. सावड करून भांगलण होते ती एकटीनं होत नाही. भिशीत दरमहा पैसे टाकणारी बाई तेवढेच पैसे घरच्या डब्यात टाकायला गेली तर तिसऱ्या महिन्यात डबा उघडते. आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत जाणारा माणूस एरवी स्टँडपर्यंत रिक्षा शोधतो. ठरलेला दिवस, बरोबर चालणारी माणसं, आणि आपण आलो नाही तर कोणीतरी विचारील ही जाणीव, एवढ्यावर ही कामं पार पडतात. वजन उतरवण्याची मंडळं याच आधारावर उभी आहेत. तिथं सांगितला जाणारा आहार बहुधा कुठल्याही आरोग्यकेंद्रातल्या भिंतीवर लिहिलेला असतो.

या मंडळांचा जन्म अमेरिकेतला आहे, आणि ती कथा सांगण्यासारखी आहे. १९४८ साली मिलवॉकी शहरात एस्थर मान्झ नावाच्या गृहिणीनं आपल्या मैत्रिणींना घेऊन एक मंडळ काढलं. त्याचं 'टॉप्स' हे नाव पुढे देशभर झालं. पण जगभर गाजलं ते दुसरं मंडळ. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची बाई राहत असे. तिचा नवरा बस चालवी. तिचं वजन २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो होतं. १९६१ साली ती शहराच्या आरोग्यखात्यानं चालवलेल्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात गेली. तिथं तिला आहाराचा तक्ता मिळाला. तक्ता चांगला होता, परंतु घरी आल्यावर ती चोरून बिस्किटं खात असे, आणि हे दवाखान्यात सांगण्याची तिला सोय नव्हती. तेव्हा तिनं आपल्यासारख्याच सहा लठ्ठ मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे बिस्किटांची गोष्ट कबूल केली. ऐकता ऐकता त्यांनीही आपापल्या चोऱ्या सांगितल्या. आठवड्याच्या आठवड्याला बैठक भरू लागली, माणसं वाढत गेली. १९६२ च्या ऑक्टोबरपर्यंत ती १४२ पौंडांवर, म्हणजे ६४ किलोंवर आली, आणि १९६३ साली त्या बैठकीची 'वेट वॉचर्स' ही कंपनी झाली.

मला या कथेत तक्त्यापेक्षा कबुलीचं महत्त्व वाटतं. दवाखान्यात ती बाई खोटं बोलत होती, मैत्रिणींत खरं बोलली. जिथं खरं बोलता येतं ते मंडळ उपयोगाचं, ही कसोटी मला तिथं सापडते. पुढं त्याच मंडळाचा मोठा व्यापार झाला. १९७८ साली ते हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीनं विकत घेतलं. वजन उतरवणाऱ्यांना खाद्यपदार्थ विकणं हा धंदा कसा वाटतो ते ज्याचं त्यानं ठरवावं. अलीकडे भूक कमी करणारी इंजेक्शनं निघाली, तेव्हा लोकांचा ओढा तिकडं वळला. २०२३ साली या कंपनीनं दूरध्वनीवरून डॉक्टरी सल्ला आणि अशी औषधं पुरवणारी एक संस्था विकत घेतली, आणि तरीही २०२५ च्या मे महिन्यात तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. कर्जाची नवी मांडणी करून ती त्यातून बाहेर आली. सहा मैत्रिणींच्या बैठकीनं एवढा पल्ला गाठला.

मंडळात गेल्यानं वजन खरोखर उतरतं काय? उतरतं, पण जाहिरातीतल्याइतकं नाही. याचे रीतसर प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत सहा केंद्रांवर ४२३ माणसांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन भागांत वाटलं. एका भागाला मंडळात पाठवलं, दुसऱ्याला थोडा सल्ला आणि वाचायला पुस्तकं दिली. २००३ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. मंडळातल्या माणसांचं वजन वर्षाअखेर सरासरीनं ४.३ किलो उतरलं होतं, दोन वर्षांनी त्यातलं २.९ किलो टिकलं. स्वतःच्या बळावर प्रयत्न करणाऱ्यांचं वर्षाअखेर १.३ किलो उतरलं होतं, आणि दोन वर्षांनी जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. २०११ साली ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटन या देशांतल्या ७७२ लोकांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांकडच्या नेहमीच्या उपचारांनी वर्षात सव्वादोन किलो उतरले, मंडळात पाठवलेल्यांचे पाच किलो. मात्र मंडळात पाठवलेल्या शंभरांतले एकसष्टच वर्षभर अभ्यासात टिकले. या दोन्ही अभ्यासांना पैसा मंडळ चालवणाऱ्या कंपनीनं पुरवला होता, हेही सांगायला हवं. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, पण वाचताना ध्यानात असावं.

तिसरा अभ्यास इंग्लंडातला, २०१७ सालचा. त्यात १,२६७ लोक होते. काहींना फक्त माहितीपत्रक दिलं, काहींना बारा आठवडे मंडळात पाठवलं आणि काहींना पुरे बावन्न आठवडे. बावन्न आठवडेवाल्यांचं वर्षाअखेर सरासरी पावणेसात किलो उतरलं, बारा आठवडेवाल्यांचं पावणेपाच. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पहिल्यांकडं सव्वाचार किलोंच्या आसपास टिकलं आणि दुसऱ्यांकडं तीन. म्हणजे जास्त दिवस गेलं तर जास्त लाभ, आणि जाणं थांबलं की काही अंशी परत भर.

माझ्या वहीतले आकडे मी या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले. ८६ वरून ७८ आणि मग ८३. मला वाटत होतं, माझ्याइतका नालायक सभासद दुसरा नसेल. पाहिलं तर मी अगदी सरासरीतला माणूस निघालो. दोन वर्षांनी तीन किलो कमी. हे आधी कोणी सांगितलं असतं तर ते पाच किलो परत येताना मला एवढी लाज वाटली नसती.

वजन परत का येतं, हे समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं. कारण मंडळातली निम्मी भांडणं आणि सगळा अपमान या अज्ञानातून निघतो. माणूस आळशी झाला, जीभ सैल सुटली, असं आपण सरळ म्हणतो. शरीराचा व्यवहार वेगळाच असतो. आमच्या आजीनं १९७२ चा दुष्काळ पाहिला होता. पुढं चांगलं पीकपाणी झालं तरी ती घरातली कणगी कधी रिकामी होऊ देत नसे. तळ दिसू लागला की तिची झोप उडे. शरीराचंही तसंच आहे. चरबी ही त्याची कणगी. ती भराभर उतरली की दुष्काळ पडला असं धरून ते चालतं. चरबीतून लेप्टिन नावाचा एक स्राव रक्तात येतो आणि पुरेसा साठा असल्याची वर्दी मेंदूला देतो. वजन उतरल्यावर तो घटतो. जठरातून भूक लावणारा घ्रेलिन नावाचा स्राव येतो, तो वाढतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पन्नास लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी अन्नावर ठेवलं. वर्ष उलटून गेल्यावरही त्यांच्या रक्तातले हे स्राव जागेवर आलेले नव्हते, आणि भूक पूर्वीपेक्षा जास्तच लागत होती. शिवाय हलक्या झालेल्या शरीराला चालण्याफिरण्यास कमी अन्न पुरतं. म्हणजे भूक वाढलेली आणि गरज घटलेली. अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला चारचौघांत "काय हो, दिवाळीत फराळ जोरात झालेला दिसतो!" असं म्हणणं याला मी आता विनोद म्हणत नाही.

मी 'आता' म्हणतो, कारण आमच्या मंडळात हे असले विनोद करण्यात मीच पुढे होतो. हिशेबाची हौस म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांची नावं आणि वजनं यांची यादी मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकीत असे. ज्याचं सर्वांत जास्त उतरलं त्याचं नाव वर, ज्याचं वाढलं त्याचं तळाशी. तळाच्या नावापुढे कोणीतरी भोपळ्याचं चित्र टाकी आणि सगळे हसत. आमच्या कार्यालयातले एक कारकून लागोपाठ तीन आठवडे तळाशी राहिले. त्यांची आई त्या दिवसांत आजारी होती. रात्री दवाखान्यात बसणं, सकाळी वडापाव खाऊन कामावर येणं, असं चाललं होतं. चौथ्या गुरुवारी ते आले नाहीत. पाचव्या गुरुवारनंतर प्राध्यापक-कक्षात चहालाही येईनासे झाले. मी एकदा व्हरांड्यात गाठून म्हटलं, "काय भाऊसाहेब, हल्ली गुरुवारी दिसत नाही?" ते म्हणाले, "सर, वजन घरीही वाढतं की. त्याला इथं कशाला यायचं?"

ते वाक्य मला बरेच दिवस पुरलं. मंडळाचं बळ दुसऱ्याच्या नजरेत असतं हे मी वर सांगितलं. तीच नजर माणसाला घालवतेही. आणि गंमत अशी की जे वजन उतरवत आहेत त्यांना या नजरेची फारशी गरज नसते. ती हवी असते ती काटा वर गेलेल्याला, आणि त्यालाच ती सोसत नाही. अमेरिकेतल्या 'टॉप्स' मंडळाच्या काही शाखांत सुरुवातीच्या काळात वजन वाढलेल्या सभासदाला डुकराचं चिन्ह अंगावर वागवावं लागे. लाजेनं माणूस सुधारतो ही समजूत तिथं होती, तीच आमच्या भोपळ्यात होती. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात गुणांच्या याद्या लावतो आणि तळाच्या मुलाचं पुढं काय होतं हे आपल्याला माहीत असतं. तरी मला ते दिसलं नाही.

याहून गंभीर धोका दुसरा आहे. मंडळात गेलं की सर्वांना एकच आहार. पण शरीरं निरनिराळी असतात. आमच्यातल्या एका शिक्षकांना मधुमेहासाठी गोळ्या चालू होत्या. मंडळात कोणीतरी म्हणालं, सकाळचं खाणं बंद करा, दोन वेळाच जेवा. त्यांनी ते त्याच आठवड्यात सुरू केलं, गोळी मात्र नेहमीसारखी सकाळी घेतली. डॉक्टरांना विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागला, बोलणं असंबद्ध झालं. एका मुलीच्या डब्यात गूळ होता, तो तिनं पुढं केला म्हणून निभावलं. रक्तातली साखर ओढून खाली आणणाऱ्या काही गोळ्या असतात. पोटात अन्न येणार हे धरून त्यांचा डोस ठरवलेला असतो. इन्सुलिनचंही तसंच. त्यामुळे मधुमेहाचं औषध चालू असलेल्यानं जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण पुन्हा ठरवून घेतलंच पाहिजे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर वजन उतरवण्याच्या भानगडीत डॉक्टरांच्या सांगण्यावाचून पडूच नये.

बायांविषयी आणखी थोडं बोललं पाहिजे. वर सांगितलेल्या पाहणीतच देशातल्या शंभर स्त्रियांत सत्तावन्न जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं आहे, म्हणजे पंडुरोग. अंगानं जाड आणि रक्तानं पांढरी अशी बाई आपल्या गावात दुर्मीळ नाही. मंडळाच्या नादानं तिनं डाळ, उसळ, पालेभाजी कमी केली आणि साबुदाण्याच्या खिचडीवर उपवास वाढवले, तर वजन उतरणार नाही आणि रक्त मात्र आणखी उतरेल. आणि आहार बदलायचा तर घरात स्वयंपाक काय व्हावा हे ठरवणं तिच्या हाती असतंच असं नाही. पण याच बायांना मंडळाचा एक लाभ आम्हा पुरुषांपेक्षा मोठा होतो, असं माझं निरीक्षण आहे. संध्याकाळी एकटीनं रस्त्यानं फिरायला निघालेल्या सुनेला चार प्रश्न विचारले जातात. सहाजणी मिळून निघाल्या की कोणी विचारीत नाही.

आता महाराष्ट्रातल्या दोन गोष्टी. पहिली, दोन जेवणांच्या पद्धतीची. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून व व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटांतून गावोगाव पोचवलेली ही पद्धत तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळी, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही तोंडात टाकायचं नाही, आणि रोज चालायचं. तिच्यावर आहारतज्ज्ञांत बराच वाद झाला. तो वाद सोडवणं माझं काम नाही. माझ्या विषयापुरतं पाहिलं तर या गटांना फी नाही आणि कुठली पूड विकायची नाही, ही फार मोठी जमेची बाजू आहे. तालुक्याच्या गावी सकाळी पूड घुसळून पेला हाती देणारी आणि तुम्हीही चार सभासद आणा म्हणणारी केंद्रं पाहिली म्हणजे हा फरक कळतो. जो सल्ला देतो त्याचंच पोट डबे खपण्यावर असेल, तर त्याच्या सल्ल्यातलं आरोग्य किती आणि विक्री किती, हे ओळखणं कठीण. पण फुकट गटांतही एक उणीव राहते. हजारो माणसांच्या गटात तुमची गोळी कोणती हे कोण विचारणार?

दुसरी गोष्ट पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आपली बाळं इंग्लंडातल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी, तिकडं साडेतीन किलो तर इथं पावणेतीनच्याही आत. पण बाळात कमी असतं ते मुख्यतः मांस. चरबी त्या मानानं टिकून राहते. २००४ साली याज्ञिक आणि इंग्रज शास्त्रज्ञ युडकिन यांचं एकत्र छायाचित्र वैद्यकाच्या एका नामवंत नियतकालिकात छापून आलं. उंचीच्या मानानं वजन काढण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचा तंतोतंत एक, २२.३. दिसायलाही दोघे सडपातळ. मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यानं या दोघांना एकाच पंगतीत बसवलं असतं.

म्हणूनच भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ साली वेगळ्या मर्यादा सुचवल्या. हा निर्देशांक २३ झाला की वजन प्रमाणाबाहेर, २५ झाला की लठ्ठपणा. आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर यापुढे जाऊ नये. चेन्नईत ५३१ लोकांवर एक प्रयोग झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मधुमेह होण्याच्या उंबरठ्यावर धरलं होतं अशा माणसांना आहार आणि चालणं यांचा सल्ला सतत देत राहिलं, तर सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. आणि या लोकांचं वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं! गुरुवारच्या यादीत ही सगळी माणसं तळाशी, भोपळ्यासह, बसली असती.

तेव्हा कोणी मंडळात यायला बोलावलं तर मी काय पाहीन ते सांगतो. वर्षभरानंतर जुने सभासद तिथं किती उरले आहेत, ते आधी विचारीन. महिन्यात दहा किलोंची हमी देणारा असेल तर चहा घेऊन निघून येईन. पहिल्या दिवशी माझी औषधं आणि दुखणी कोणी विचारतं का, ते पाहीन. प्राथमिक आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकाताईंना तिमाहीतून एकदा तरी तिथं बोलावतात का, ते पाहीन. पैसा कशाकशाचा मागतात ते तर पाहायचंच. आणि मुद्दाम अशा दिवशी जाऊन बसेन की ज्या दिवशी कोणाचं तरी वजन वाढलेलं असेल. लग्नसराईनंतरचा किंवा दिवाळीनंतरचा आठवडा त्याला चांगला. त्या माणसाशी मंडळी कशी बोलतात, एवढं ऐकलं की पुरे.

ज्याला चारचौघांत बोलणं जमत नाही, त्यानं मंडळात गेलंच पाहिजे असंही नाही. घरातलं एक माणूस, एक शेजारी, एवढ्यावरही काम होतं. काही माणसांना तर स्वतःची वही पुरते. मला ती पुरली नाही, हा माझा स्वभाव.

आमचं मंडळ बंद पडलं नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही यादी टाकणं थांबवलं. काटा कक्षाच्या मध्यातून कपाटाआड सरकवला. ज्याला वजन करायचं त्यानं आड जाऊन करावं, आकडा सांगावासा वाटला तर सांगावा. कंबर मोजायला शिंप्याकडची एक जुनी फीत आणली. सभासद पुन्हा नऊ झाले आहेत. महाविद्यालय सुटल्यावर कालव्याच्या कडेनं पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, पाऊण तास लागतो. मी सध्या ८१ आहे. कारकून भाऊसाहेब उन्हाळ्यापासून चालायला येऊ लागले. आई गेल्याचं त्यांनी पहिल्याच दिवशी पुलावर सांगितलं. ते आम्हा सर्वांच्या पुढे चालतात. काट्यावर मात्र अजून चढलेले नाहीत, आणि कोणी चढा म्हणतही नाही.